लुगड्याखालची पाच झाडं

आमचं घर आणि शेजारणीचं घर यांच्यात भिंत एकच. हॉलंडातल्या उइटहॉर्नमधली ही रांगेतली घरं बाहेरून विटांची, भक्कम दिसतात. पण मधली भिंत अशी की पलीकडे कुणी कप खाली ठेवला तरी इकडे कळावं. राहायला आलो त्याच आठवड्यात, अंथरुणाला पाठ टेकली आणि पलीकडून कण्हणं ऐकू आलं. नवरा म्हणाला, "टीव्ही असेल गं त्यांचा." टीव्ही नव्हता. माणूस दुखणं दातांखाली धरून ठेवतो तेव्हा घशातून जो आवाज निघतो, तो मला ओळखू येतो.

शेजारीण सत्तरीची, चाकाच्या खुर्चीत. मज्जातंतूंचा जुना आजार. दिवसा पाय मेल्यासारखे, आणि रात्री तेच पाय लाकडासारखे ताठ होऊन पेटके यायचे. हे तिनेच सांगितलं, पहिल्याच कॉफीला. "माझे पाय माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली. "नवरा ऐकतो. म्हणून भागतंय." नवरा बिस्किटांचा डबा घेऊन मागे उभा होता, त्याने मान हलवली.

इथे शेजारणीला 'बुरव्राऊ' अशी हाक मारतात आणि शेजाऱ्याला 'बुरमान'. नावं माहीत असली तरी. मला ते बरं वाटलं. आमच्या वस्तीवरही बाया एकमेकींना "ओ शेजारीणबाई" अशाच बोलवायच्या. तेव्हा मी तिची बुरव्राऊ आणि ती माझी. ती मला अगंतुगं करायची, मी तिला अहोजाहो. डच भाषेतही मी ते सोडलं नाही.

बुरमानने सगळं आयुष्य गुलाबांच्या काचघरात काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या बागेतले गुलाब काढून टाकले आणि दक्षिणेला तोंड असलेल्या कुंपणाशी, जमिनीतच, दरवर्षी पाच झाडं लावायला सुरुवात केली. जूनमध्ये गुडघ्याएवढी. ऑगस्टात ती कुंपणाच्या फटींतून आमच्याकडे डोकावायला लागली. माझ्या नवऱ्याने पानं पाहिली, आत आला आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"अगं, तो गांजा आहे."

"माहितेय."

"माहितेय काय! आपल्याला नागरिकत्वाची फाईल टाकायचीये."

"झाडं त्यांची आहेत. फाईल आपली आहे."

"आणि वास? वास कुणाचा आहे?"

वास खरंच सगळ्यांचा होता. धुतलेले कपडे वाळत घातले की त्यांना यायचा, गणपतीच्या आरतीला उदबत्तीच्या वरताण यायचा. पण घरापुरती पाचच झाडं असली तर इथे पोलीस सहसा विचारायला येत नाहीत. कायद्यात बसत नाही, पण चालवून घेतात. या देशात बऱ्याच गोष्टी अशा आहेत. माझ्या नवऱ्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्याला एक तर हो हवं असतं, नाही तर नाही.

झाडं शेजारणीच्या पायांसाठी होती. पिकलेले तुरे वाळवून बुरमान ते लोण्यात मंद आचेवर ठेवायचा आणि रोज झोपताना त्यातलं चमचाभर तिला कोमट दुधातून द्यायचा. गोळ्यांनी तिला उलट्या व्हायच्या. याने होत नव्हत्या. त्यांच्या हाउसआर्ट्सला, म्हणजे घरच्या डॉक्टरला, सगळं ठाऊक होतं. लोणी असेपर्यंत भिंत गप्प असायची. एका वर्षी फुलोऱ्यावर बुरशी पडून पीक निम्मंच हाती आलं, आणि त्या हिवाळ्यात नाताळनंतर भिंतीतून पुन्हा आवाज यायला लागला. मी उशी कानावर घेऊन झोपायचे. दुसरं काय करणार?

मी शेतकीची पदवीधर आहे. हे मी जिथे तिथे सांगते, लोक हसले तरी सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आई निफाडकडच्या द्राक्षबागांत रोजाने जायची. घडांची विरळणी करून करून तिची बोटं कायमची काळी झाली होती. ती लोकांना सांगायची, "माझी पोरगी झाडांची डाक्टर हाये." लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर मी कुणाची तरी बायको होते, एवढंच लिहिलेलं होतं. मग एका नर्सरीत लागले. पहिलं वर्ष कुंड्यांना नुसती लेबलं लावली. आता रोपांचं बघते. लेबलं लावल्याची मला लाज नाही, पण पदवीही मी कुणाला विसरू देत नाही.

बुरमानला ते ठाऊक होतं. तो कुंपणावरून मला त्याचं भिंग द्यायचा, सोनाराकडे असतं तसं, आणि म्हणायचा, "डॉक्टर, बघ. झालं का?" तुऱ्यांवर काचेचे असावेत तसे बारीक थेंब असतात. आधी ते पाण्यासारखे असतात, मग दुधाळ होतात, मग तांबूस. तांबूस व्हायला लागले की कापायचं. त्याआधी कापलेलं घेतलं तर शेजारणीचं काळीज धडधडायचं आणि पाय तसेच राहायचे. "नाही अजून," मी म्हणायचे. "नाही अजून," तो म्हणायचा. त्याला आधीच माहीत असायचं. मला विचारण्यात त्याला मजा वाटायची.

ऑगस्ट संपता संपता तो गेला. सायकलवरून ब्रेड आणायला निघाला होता. कालव्याच्या कडेला सायकल नीट स्टँडवर लावली, बाकावर बसला आणि तिथेच. अंत्यविधीला कॉफी आणि केकचा एकेक तुकडा होता. शेजारीण रडली नाही. रडायला आलेल्यांना तिनेच रुमाल दिले.

नंतरच्या आठवड्यात तिने मला बागेच्या दारातून हाक मारली. झाडं तिच्याहून उंच झाली होती, तुरे नुकते धरत होते.

"बुरव्राऊ, तुझी ती पदवी. ती फक्त टोमॅटोची आहे की सगळ्याची?"

"सगळ्याची."

"मग ये. माझा हिवाळा तिथे उभा आहे, आणि मला तिथपर्यंत जाता येत नाही."

मी गेले. नवऱ्याने त्या दिवशी माझ्याशी अबोला धरला. रात्री जेवताना म्हणाला, "निदान हातमोजे घाल."

आता आईचं सांगायला हवं, कारण पुढे ते येतं. त्याच वर्षी आषाढात माझी आई गेली. हाडांचा कॅन्सर. मी रोज व्हिडिओ कॉल करायचे. भावजय फोन धरायची. आई म्हणायची, "बरी हाये मी. तू जेवली का?" तेवढं बोलून झालं की ती भावजयीला खूण करायची आणि भावजय फोन गादीवर उताणा ठेवायची. मग मला छताचा पंखा दिसायचा आणि आवाज ऐकू यायचा. आईला वाटायचं, तोंड दिसलं नाही म्हणजे मला कळणार नाही. मी फोन कापायचे नाही. पंख्याकडे बघत बसायचे.

विमानाचं तिकीट मिळून पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. येताना तिची दोन सुती लुगडी आणली, एक हिरवं, एक जांभळं. भावजय म्हणाली, "ताई, धुऊन देते ना." मी नको म्हटलं. त्यांना मिश्रीचा वास होता, घामाचा होता, आणि खाली कुठेतरी द्राक्षांवर धुरळायच्या गंधकाचा. आईला नुसतं जवळ घेतलं की येणारा. चेनच्या पिशवीत घालून ती मी कपाटात वर ठेवली. कधीमधी चेन बोटभर उघडायचे, नाक लावायचे, बंद करायचे. फार उघडलं तर संपेल अशी भीती होती.

सप्टेंबर पावसात गेला. मी कामावरून आले की कोट न काढता पलीकडे जायचे, झाडं हलवून पाणी झटकायचे, आतली दाट पानं काढायचे, तुऱ्यात करडी बुरशी दिसली की तेवढा तुकडा कापून टाकायचे. शेजारीण काचेच्या दाराआडून बघत बसायची. ऑक्टोबर अर्धा सरला आणि थेंब दुधाळ झाले. तांबूस नाही. ऊनच नव्हतं, पिकणार कशाने? बुरमानने थंडीसाठी पांढरं क्रॉप कव्हर, पिकावर पांघरायचं विरळ कापड, ठेवलं होतं. ते मी आधीच झाडांवर ताणलं, आणि एका वादळाने ते फाडून अर्धं कालव्यात नेलं. नवीन आणायचं होतं. रविवारी कोजागरी होती. म्हटलं, सोमवारी आणू. हवामानवाले ढगाळ म्हणत होते.

त्या वर्षी अधिक महिन्यामुळे सगळे सण पुढे सरकले होते. कोजागरी ऑक्टोबरच्या अखेरीला आली. आमची मराठी मंडळी हॉल घेतात, मागच्या पार्किंगमध्ये गॅसवर मोठ्या पातेल्यात दूध आटवतात. चंद्र बहुतेक वेळा दिसतच नाही. मग कुणीतरी पुण्याहून आलेला फोटो दाखवतं आणि त्या फोटोला नैवेद्य. सगळ्यांचं एकच मागणं असतं, एवढी एक रात्र तरी आभाळ मोकळं होऊ दे.

त्या संध्याकाळी झालं. जेवणं चालू असतानाच ढग पांगले आणि हॉलच्या छपरावर हा मोठा चंद्र. लोक ताटं सोडून बाहेर आले. टाळ्या काय, फोटो काय. मीही वर बघितलं. एकही ढग नाही. वारा ठार पडलेला. बोलणाऱ्यांच्या तोंडातून वाफ. मी आमच्या गाडीच्या टपावर हात ठेवला. बोटं चिकटतील असा गार. ढग असले की जमिनीतली ऊब खालीच राहते, मोकळ्या आभाळात ती निघून जाते. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं. निफाडला अशा रात्री द्राक्षवाले झोपत नाहीत.

नवरा पातेल्याशी उभा राहून दूध ढवळत होता.

"चल घरी."

"आत्ता? केशर घालायचंय अजून."

"दव गोठणार आहे."

"कुठे?"

"झाडांवर."

"कुठल्या झा..." तो थांबला. डावीउजवीकडे बघून म्हणाला, "इथे नाव घेऊ नकोस. कोट घाल."

दारात एक बाई म्हणाली, "काय हो, लगेच निघालात? चंद्र आवडला नाही वाटतं आमचा?"

"चंद्र छान आहे हो. आभाळाचं बघायला हवं."

तिला वाटलं मी नवऱ्याशी भांडून निघाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारीण दिवा लावून काचेच्या दाराशीच बसली होती. मांडीवर शाल. "आलीस," ती म्हणाली. "मी तासभर या आकाशाकडे बघतेय. तो असता तर केव्हाच बाहेर गेला असता."

मी चादरी मागितल्या. तिने कपाट दाखवलं. सगळ्या चादरी अरुंद, तिच्या दवाखान्यातल्यासारख्या पलंगाच्या मापाच्या, कोपऱ्यांना इलॅस्टिक. "मोठ्या मी दिल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात," ती म्हणाली. "मोठ्या पलंगावर झोपायला आता कोण आहे?"

शेडमध्ये प्लॅस्टिक होतं. प्लॅस्टिकला आतून घाम फुटतो, तो तुऱ्यांवर टपकतो. थंडीतून वाचलं तर बुरशीने जाणार. नवरा कुंपणापलीकडून, आमच्या बागेतून म्हणाला, "अगं, आपली गोधडी टाक ना. किती ऊबदार आहे."

"झाडाला अंगची ऊब नसते. गोधडी घालून काय गरम होणार? ऊब मातीत आहे. ती कोंडायची. कुंपणाच्या टोकापासून जमिनीपर्यंत येईल असं लांब कापड हवं. सुती, हलकं. गोधडीच्या ओझ्याने फांद्या मोडतील."

"एवढं लांब कापड कुणाच्या घरात असतं?"

आमच्या घरात होतं, आणि दोघांनाही माहीत होतं.

मी वर गेले. कपाट उघडलं, पिशवी काढली, चेन पूर्ण ओढली. वास घेतला नाही. खाली आले तर नवऱ्याने फक्त विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "सुती आहेत आणि लांब आहेत."

बांबू झाडांच्या पुढ्यात तिरपे रोवले, म्हणजे कापड तुऱ्यांना टेकणार नाही. कुंपणाच्या टोकाला लुगडं खिळ्यांत अडकवलं, बांबूंवरून ओढत खाली आणलं, काठावर विटा ठेवल्या. हिरवं पुरलं तीन झाडांना, जांभळं उरलेल्या दोनांना. उघड्या बाजूंना शेजारणीच्या चादरी. नवरा आमच्या बागेत स्टुलावर उभा राहून मोबाईलचा उजेड धरत होता.

"इकडे येऊन धर की जरा!"

"मी माझ्या हद्दीत उभा आहे," तो म्हणाला. "उजेडाला हद्द नसते."

शेजारीण काचेवर बोटाने टकटक करून ओरडत होती, "डावीकडे! डावीकडे उघडं राहिलंय! अगं, तुझी डावी नाही, माझी!" त्या घाईत आम्ही तिघंही हसलो. बुरमान गेल्यापासून त्या बागेत कुणी हसलं नव्हतं.

सकाळी उठले तर सगळं पांढरं. गवत पांढरं, सायकलींच्या सीटा पांढऱ्या, समोरच्यांचे झेंडू काळे पडून लोळलेले. लुगडी उन्हात वाळलेल्या पापडासारखी कडक झाली होती. त्यांच्या किनारीवर बर्फाची रांगोळी. ऊन जरा वर आलं तशी मी एक वीट काढली आणि खाली वाकून बघितलं. आत झाडं हिरवीगार, ओलसर मातीचा वास, बाहेरच्यापेक्षा जराशी उबदार हवा. एका ठिकाणी कापड टेकलं होतं तेवढा शेंडा काळा. बाकी सगळं शाबूत.

मी दाराकडे वळून हात वर केला. शेजारणीने तोंडावर दोन्ही हात घेतले. तेव्हा ती रडली.

आणखी दोन रात्री तसाच गारठा होता. रोज संध्याकाळी पांघरायचं, सकाळी ऊन आलं की काढायचं, नाहीतर आत दमट होतं. मग हवा सैल झाली, चार दिवस चांगलं ऊन पडलं. भिंगातून बघितलं तर थेंब तांबूस. मी कापलं, शेडमध्ये उलटं टांगलं, आणि लोण्याचं काम शेजारणीने स्वतः खुर्चीत बसून केलं. मला तिने पातेल्याला हात लावू दिला नाही.

लुगडी मी घरी आणली तेव्हा त्यांवर चिकाचे चिकट डाग होते. आमची शाळकरी मुलगी नाक धरून म्हणाली, "आई, यू स्मेल लाइक अ कॉफीशॉप." इथे कॉफीशॉपात गांजा विकतात. मी वर जाऊन दार लावलं आणि कापडात तोंड खुपसलं. झाडांचा वास. घडीच्या आत बघितलं, पदराच्या टोकाला बघितलं, निऱ्या असायच्या तिथे बघितलं. झाडांचा वास. मिश्री नाही, गंधक नाही. मग धुतली. चीक गेला थोडा, झाडांचा वास राहिला.

शेजारणीने एकदा विचारलं, "ते लांब कापड कुणाचं होतं?"

"माझ्या आईचं."

"आहे ती?"

"नाही. याच वर्षी गेली."

तिने लोण्याची बरणी पुसून खाली ठेवली. "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"नाही. नको म्हणाले नसते. मला झाडं हवी होती," ती म्हणाली. "पण सांगायचं होतंस."

तो हिवाळा भिंत गप्प होती. मी अंथरुणात पडून कान देऊन ऐकायचे. काही नाही. कधी तिचं नुसतं घोरणं. नवरा कूस बदलून म्हणायचा, "झोप की. काय ऐकतेस?" निफाडकडच्या त्या खोलीत पंखा फिरत होता आणि त्याखालच्या बाईसाठी चमचाभर काही कुणी दिलं नव्हतं. मी तर झाडांची डॉक्टर.

फेब्रुवारीच्या अखेरीला एका सकाळी शेजारणीचा पडदा उघडला नाही. घरी मदतीला येणारी नर्स आत गेली आणि लगेच बाहेर येऊन पायरीवर उभी राहिली. झोपेतच गेली होती. हृदय. चेहरा शांत होता, नर्सने दोनदा सांगितलं. मी म्हटलं, हो, मला ठाऊक आहे. मी रात्रभर भिंतीपलीकडेच होते.

घर आवरायला तिचा मुलगा मास्ट्रिख्टहून आला. त्याने लोण्याची बरणी माझ्यापुढे धरली. अर्धी भरलेली होती. "आई म्हणाली होती, उरलं तर शेजारणीचं."

माझा नवरा मागून म्हणाला, "नको, नको. आमची फाईल..." फाईल जानेवारीतच मंजूर झाली होती. सवयीने बोलून गेला बिचारा. मुलगा हसला. बरणीऐवजी मी बुरमानचं भिंग मागून घेतलं. बरणी त्याने ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात रिकामी केली. दोन दिवसांनी गाडी आली, डबा उचलून उलटा केला, आणि आमच्या दारापर्यंत तो वास आला. तिने न वापरलेला हिवाळा होता तो.

पलीकडे आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांचं भांडण ऐकू येतं, मिक्सर ऐकू येतो. कुंपणाशी त्यांनी फरशी घातली.

वर्षश्राद्धाला भावजयीचा फोन आला. आईच्या साड्यांची गोधडी शिवायला टाकतेय, तुमच्याकडची लुगडी पाठवता का, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे माझ्याकडेच. मग तिने विचारलं, "ताई, आईंचा वास आहे का हो अजून त्यांना?"

मी तेव्हा कपाटाशीच उभी होते.

"आहे," मी म्हणाले.